मदात्ययात तद्विद्यसेवा : व्यसनमुक्तांच्या मीटिंगचे चिकित्सेतील स्थान



मदात्यय हा आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा व्याधी आहे. त्याचे निदान करताना अडचण पडत नाही, कारण रुग्ण दाराशी येण्यापूर्वीच त्याचा गंध येतो. त्यावरील कल्पही आपणास ठाऊक असतात. तरीही वर्षानुवर्षे व्यवसाय केलेल्या वैद्यास ‘तुमच्या औषधाने किती जणांची दारू कायमची सुटली?’ असे विचारले, तर तो क्षणभर थांबतो. मीही थांबतो. त्या थांबण्याचे कारण शोधता शोधता जे हाती लागले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

एक रुग्ण

माझे चिकित्सालय इंदापूर तालुक्यातील सणसर येथे आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, चहूकडे ऊस आणि शेजारी भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना, असा हा परिसर. हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात, हाती रोकड खेळते आणि सायंकाळी दारूच्या दुकानांपुढील गर्दी वाढते. हंगाम संपता संपता चिकित्सालयात कामला, अम्लपित्त, निद्रानाश आणि हातांचा कंप घेऊन येणाऱ्यांची संख्याही वाढते.

अशांपैकी एक चाळिशीतील ट्रॅक्टरचालक चार वर्षांत तीनदा माझ्याकडे आला. प्रत्येक वेळी कामला, अरुची, पायांवर शोथ. प्रत्येक वेळी कुटकी, भूम्यामलकी, पुनर्नवा आणि पथ्य यांनी त्यास उतार पडला. तिसऱ्या खेपेस त्याची पत्नी मला म्हणाली, “डॉक्टर, तुमचं औषध घेतलं की त्यास्नी बरं वाटतं, आन् बरं वाटलं की पुन्यांदा पित्यात.” माझ्या चार वर्षांच्या चिकित्सेचे इतके अचूक मूल्यमापन दुसऱ्या कोणी केले नाही.

त्या खेपेस त्याने चाळीस दिवस मद्याला स्पर्श केला नव्हता. बल्य म्हणून मी त्यास एक अरिष्ट लिहून दिले. दोन वेळा चार-चार चमचे, समभाग पाण्यातून. त्याने ती ४५० मिलिलिटरची बाटली दीड दिवसात संपविली आणि आठवडा उलटण्यापूर्वी तो पुन्हा गुत्त्यावर दिसू लागला. पुढील हंगामात रक्तवमन होऊन त्याचा मृत्यू झाला. त्या बाटलीमुळेच हे घडले असे सिद्ध करता येणार नाही. तथापि ती बाटली मी दिली होती, हे मला विसरता आलेले नाही.

शास्त्राने दिलेला इशारा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययाचा आहे. मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुकारी, रूक्ष, विकाशी आणि विशद हे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या थेट विरुद्ध आहेत, हे विवेचन आपण विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले असते. त्याच अध्यायाच्या अखेरीस येणाऱ्या ध्वंसक व विक्षय या दोन विकारांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ज्याने मद्य सोडले आहे आणि जो पुन्हा एकाएकी अतिमात्रेने पितो, त्यास हे विकार होतात आणि क्षीण देहात ते कष्टसाध्य ठरतात, असे आचार्य सांगतात. याचा अर्थ असा की, मद्य सोडलेला मनुष्य पुन्हा पिऊ शकतो आणि ते पिणे पहिल्यापेक्षा घातक असते, ही गोष्ट संहिताकारांस पूर्णपणे ज्ञात होती. आपली चिकित्सा मात्र मद्य सुटले की संपते. वस्तुतः तेथे ती अर्ध्यावर आलेली असते.

उरलेल्या अर्ध्या मार्गाचा निर्देश सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात मिळतो. दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्याबरोबर तेथे सत्त्वावजय चिकित्सा सांगितली आहे, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. मानस व्याधींवरील उपायांत तेथेच ‘तद्विद्यसेवा’ हा शब्द येतो. तद्विद्य म्हणजे त्या विषयाचा जाणकार. त्याचा सहवास करणे, त्याच्याकडे जाणे ही सेवा. आता प्रश्न असा की, मदात्ययात तद्विद्य कोण? मद्याचे गुणधर्म जाणणारा वैद्य, की मद्याच्या तावडीतून स्वतः सुटलेला मनुष्य? पहाटे चार वाजता कंप सुटलेल्या हातांनी उशाखालची बाटली शोधणे म्हणजे काय, हे मला ग्रंथातून कळते. त्याला ते देहाने कळलेले असते.

अ‍ॅक्रन येथील भेट

या प्रश्नाचे एक उत्तर १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या गावी मिळाले. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा मनुष्य. मद्याने त्याची पुरती धूळधाण झाली होती आणि नुकतेच काही महिने तो मद्यापासून दूर होता. अ‍ॅक्रनला आलेला व्यवहार फिसकटला, हॉटेलातील मद्यगृह समोर दिसू लागले आणि आपण पुन्हा पिणार अशी भीती त्यास वाटली. त्या क्षणी त्याने डॉक्टर शोधला नाही. आपल्यासारखा दुसरा मद्यपी शोधला. दूरध्वनी करीत करीत त्यास जो सापडला, तो योगायोगाने डॉक्टरच निघाला. डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यचिकित्सक स्वतः मद्यासक्त होते. पंधरा मिनिटांसाठी ठरलेली भेट कित्येक तास चालली. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा प्याला १० जून १९३५ रोजी घेतला. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ या बंधुसंघाचा स्थापनादिन मानला जातो.

या घटनेत आपणा वैद्यांसाठी मोठा बोध आहे. डॉ. स्मिथ यांस मद्याच्या दुष्परिणामांचे ज्ञान कमी नव्हते.  विल्सनने त्यांस मुख्यतः स्वतःची कहाणी सांगितली.

एए भारतात १९५७ साली मुंबईत सुरू झाली. तिच्या देशपातळीवरील सेवाकार्यालयाचे ठिकाण मुंबईतील भायखळा हे आहे. सदस्यत्वास एकच अट आहे : मद्य सोडण्याची इच्छा. शुल्क नाही, नावनोंदणी नाही, जात-धर्माची विचारणा नाही. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागवितात आणि बाहेरील देणगी स्वीकारीत नाहीत. तिच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, परंतु तो ‘ज्याला जसा उमगला तसा’ या शब्दांत. म्हणून आस्तिक आणि नास्तिक दोघेही तेथे बसू शकतात.

आपल्या पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना झाली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांच्या या कार्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आरंभीच आर्थिक बळ दिले, हे सर्वश्रुत आहे. तेथे निवासी उपचार असतात आणि एएचे स्वरूप त्याहून भिन्न आहे. पण एक सूत्र दोन्हीकडे समान दिसते. मुक्तांगणातही एकेकाळचे रुग्णच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णाचा हात धरतात.

मीटिंगमध्ये प्रत्यक्ष काय घडते?

एएच्या मीटिंग दोन प्रकारच्या असतात. ‘क्लोज्ड’ मीटिंग केवळ मद्यासक्तांसाठी असते. ‘ओपन’ मीटिंगला नातेवाईक, डॉक्टर किंवा कोणीही जिज्ञासू बसू शकतो. ट्रॅक्टरचालकाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी मी पुण्यातील अशा एका ओपन मीटिंगला गेलो. शाळेचा एक वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यांवर अवघडून बसलेली वीस-बावीस मोठी माणसे. रिक्षाचालक होता, बँकेतील अधिकारी होता, मागे एक वृद्ध गृहस्थ होते. प्रत्येकाने उठून आपले पाळण्यातले नाव सांगावे, ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणावे आणि आपला अनुभव सांगावा. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करीत नाही, सल्ला देत नाही. एकाचे बोलणे संपले की सर्वजण त्याचे आभार मानतात आणि पुढचा उठतो. तासाभरात मीटिंग संपली, चहा झाला.

मला विशेष जाणवले ते असे की, तेथे कोणीही ‘आयुष्यभर पिणार नाही’ अशी शपथ घेतली नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच संकल्प होता. आपण चिकित्सालयात रुग्णाकडून देवाची, आईची, मुलांची शपथ वदवून घेतो. ती मोडली की तो लाजेने आपल्याकडे येणेच बंद करतो. येथे मोडलेला मनुष्य पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू करतो आणि त्याचे स्वागतच होते.

या पद्धतीचा लाभ आता संशोधनानेही पुष्ट झाला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींच्या माहितीचा विचार झाला. ज्या उपचारपद्धतीत रुग्णास पद्धतशीरपणे एएशी जोडून दिले जाते, ती पूर्ण मद्यविरतीच्या बाबतीत अन्य मान्यताप्राप्त मानसोपचारांपेक्षा सरस ठरली. यातील ‘पद्धतशीरपणे जोडून देणे’ हे शब्द आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. नुसते ‘मीटिंगला जात जा’ असे सांगणे म्हणजे चिकित्सा नव्हे.

गरज किती मोठी आहे, हेही ध्यानी घ्यावे. केंद्र शासनासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे केवळ एकास कोणते ना कोणते उपचार मिळतात. उरलेले ३७ कोठे असतात? त्यांतील पुष्कळ अम्लपित्ताचे चूर्ण आणि झोपेचे औषध मागत आपल्याच बाकावर बसलेले असतात.

मीटिंग कशी शोधावी?

१. प्रथम सुरक्षित विमुक्ती. दीर्घकाळ नित्य पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबविल्यास पहिल्या दोन दिवसांत आक्षेपक येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, प्रलाप व ज्वर अशी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. पूर्वी असे झटके आलेल्या, यकृत क्षीण झालेल्या वा सकाळी कंप सुटणाऱ्या रुग्णास रुग्णालयातच पाठवावे. मीटिंग ही विमुक्तीची जागा नव्हे.

२. दूरध्वनी आपल्यासमोर व्हावा. एएचे अधिकृत संकेतस्थळ व मदतवाहिनी यांवरून जवळच्या गटाचा वार, वेळ व जागा कळते. जागा व वेळ बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करावी. रुग्ण खोलीत असतानाच, त्याच्या संमतीने, फोन लावून त्याच्या हाती द्यावा. पलीकडून एखादा सदस्य ‘अमुक दिवशी या, मी दाराशी उभा राहतो’ असे म्हणतो, तेव्हा अर्धे काम होते. शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ हे क्रमांकही चिकित्सालयात लावून ठेवावेत.

३. एका मीटिंगवरून मत बनवू नये. पहिल्या दिवशी बहुतेकांस ‘ही माझी माणसे नव्हेत’ असे वाटते. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग, असा सल्ला जुने सदस्य देतात. आपल्या भागात तेवढ्या मिळणे दुरापास्त आहे. म्हणून आठवड्यातून एक प्रत्यक्ष आणि इतर दिवशी मोबाइलवरील मीटिंग, असा मेळ घालावा. कोविडच्या काळापासून अशा मीटिंग सर्रास होऊ लागल्या आहेत.

४. कुटुंबास विसरू नये. मद्यासक्तांच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अनॉन’ हा स्वतंत्र संघ १९५१ पासून कार्यरत आहे. पती जाण्यास तयार नसला तरी पत्नी जाऊ शकते. पुष्कळदा घरातील पहिले पाऊल तिचेच असते.

गावातील अडचण

हे सर्व सांगितल्यावर आपल्यासारख्या ग्रामीण वैद्याच्या मनात पहिली शंका येते ती गुप्ततेची. शहरात अनामिक राहता येते. सणसरला मात्र कोणाची मोटारसायकल कोणाच्या दारात उभी आहे, एवढ्यावरून गाव निष्कर्ष काढते. निमगाव केतकीच्या बाजूचे एक डाळिंब उत्पादक शेतकरी माझ्या सांगण्यावरून जाण्यास तयार झाले, पण जवळपास नको म्हणाले. ते महिन्यातून दोनदा एसटीने पुण्यास जात आणि घरी ‘बागेच्या औषधांसाठी चाललो’ असे सांगत. मधल्या काळात रात्री मोबाइलवर मीटिंग ऐकत. पहिल्या वर्षी ते एकदा घसरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला नव्हे, तर मीटिंगमधील आपल्या सोबत्यास फोन केला. मला ते आठ दिवसांनी समजले. त्या गोष्टीचा मला विषाद वाटला नाही. उलट आपली चिकित्सा योग्य हाती पोहोचली, याचे समाधान वाटले.

आपल्या भागास ही कल्पना परकी नाही. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीहून पुढे सणसरला मुक्कामी येते, बेलवाडीस रिंगण होते. ‘माळ घातली आणि दारू सुटली’ अशी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. माझे निरीक्षण असे आहे की, ज्यांनी माळ घालून दिंडीची वाट धरली, एकादशीच्या भजनास नेमाने बसले, त्यांची माळ टिकली. ज्यांनी एकट्याने माळ घातली, त्यांपैकी पुष्कळांनी ती हंगामात खुंटीला अडकविली. माळेइतकाच गुण सोबतीचा होता. ज्यास भजनात गोडी आहे, त्यास तेथे जरूर पाठवावे. परंतु भजनात ‘काल रात्री मला प्यावेसे वाटले’ असे बोलता येत नाही. ते बोलण्याची जागा मीटिंग आहे.

गट जवळ नसल्यास काय? मद्य सोडू इच्छिणारी दोन-तीन माणसे त्या हेतूने एकत्र जमली, तरी तो एएचा गट होऊ शकतो. वैद्याने जागा देऊ करावी, पण मुख्य होऊ नये. गट स्वावलंबी असतो. म्हणून जागेचे अल्प का होईना भाडे ते देतील, ते संकोच न करता घ्यावे.

औषधालयांच्या चालकांस विनंती

आसव-अरिष्टांत संधानाने स्वयंनिर्मित मद्यार्क असतो, साधारणतः ५ ते १० टक्के. निरोगी रुग्णास चार चमच्यांतून तो बाधत नाही. मद्य सोडलेल्या मनुष्यास मात्र ती चव आणि तो गंधच पुरेसा होतो. भैषज्यरत्नावलीत मदात्ययाधिकारात श्रीखंडासव आहे हे खरे; तथापि पूर्ण विरती हे ज्याचे ध्येय आहे, त्यास चूर्ण, वटी, क्वाथ किंवा घृत हेच कल्प द्यावेत असे माझे आता ठाम मत झाले आहे. रुग्ण डायसल्फिराम घेत असल्यास आसव-अरिष्ट सर्वथा वर्ज्य होय. वांती, हृदयाची धडधड व रक्तदाब घसरणे अशी गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. एकच गिऱ्हाईक आठवड्यात दोन-तीन बाटल्या नेत असेल, तर त्याच्याशी एकांतात बोलावे. वैद्याने चिठ्ठीवर ‘आसव-अरिष्ट नको’ असे लिहिले असल्यास पर्यायी म्हणून दुसरे अरिष्ट देऊ नये. आणि ‘रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळा, दारू सोडवा’ अशा जाहिरातीची चूर्णे विकू नयेत. नकळत दिलेल्या औषधाने जीव धोक्यात येऊ शकतो. शिवाय ज्या घरात विश्वास आधीच संपत आलेला असतो, तेथील उरलासुरलाही त्याने जातो.

अखेरीस

वैद्याने रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपविणे यात कमीपणा नाही. अस्थिभग्न झाल्यास आपण क्ष-किरणाकडे पाठवितोच. मदात्ययात दीपन-पाचन, यकृताचे रक्षण, निद्रा, बल आणि पथ्य ही आपली कामे आहेत व ती आपणच उत्तम करू शकतो. मद्यावाचून दिवस कसा ढकलावा, हे मात्र तो दिवस ढकललेल्या माणसाकडूनच शिकावे लागते.

म्हणून माझी सूचना एवढीच की, पुढील अंक हाती येईपर्यंत आपणांपैकी प्रत्येकाने एक ओपन मीटिंग स्वतः पाहावी. जी औषधी आपण पाहिलेली नाही, ती आपण रुग्णास विश्वासाने सुचवू शकत नाही. त्या ट्रॅक्टरचालकाची पत्नी अजूनही सांधेदुखीसाठी माझ्याकडे येते. गेल्या महिन्यात ती आपल्या धाकट्या दिरास घेऊन आली. त्याच्या हातांना कंप होता. या वेळी मी त्यास आधी रुग्णालयात पाठविले आणि तो परतल्यावर चिठ्ठीवर औषधाच्या खाली मीटिंगचा वार व वेळ लिहिली. तिने चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली आणि म्हणाली, “ह्यो कागद मी जपते.”